माइक किती जवळ धरायचा?

नवख्याचं रेकॉर्डिंग ऐकल्याबरोबर ओळखू येतं. बोलणारा माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि पंखा मात्र आपल्या कानाशी फिरत असतो. रेकॉर्डर महागाचा असला तरी हे होतं, साधा मोबाइल असला तरी होतं, कारण दोष यंत्राचा नसतो; माइक लांब धरलेला असतो. कॉलेजात ऑडिओ शिकायला आलेल्या मुलामुलींना सगळ्यात आधी सॉफ्टवेअर हवं असतं. साहजिक आहे. पडद्यावर हिरव्या-निळ्या लाटा हलायला लागल्या की आपण काहीतरी करतोय असं वाटतं. पण या कामातला पहिला निर्णय पडद्यासमोर बसण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो: आवाज कुठून येतोय, आणि आपण त्याच्यापासून किती अंतरावर उभे आहोत. मुलाखत, लेखन, संकलन, मिक्सिंग या पुढच्या पायऱ्याही बऱ्याच अंशी याच अंतराचा हिशेब असतात.

तो हिशेब कसा मांडतात ते एक काम धरून पाहू. समजा, पुण्यातल्या माध्यम-अभ्यासक्रमाची एक विद्यार्थिनी सात मिनिटांचं रूपक करतेय. आकाशवाणीवाले रूपक म्हणतात आणि पॉडकास्टवाले ऑडिओ डॉक्युमेंटरी, तेच. विषय घेतलाय कसबा पेठेतली तांबट आळी. तांब्या-पितळेची भांडी हाताने ठोकून घडवणारी घराणी तिथे पेशवाईपासून आहेत. ऑडिओसाठी विषय निवडताना एक प्रश्न विचारावा: डोळे मिटून या जागी उभं राहिलं तर जागा ओळखू येईल का? तांबट आळी येते.

पहिल्या फेरीला रेकॉर्डर न्यायचाच नाही. वही न्यायची, एखाद्या पायरीवर दहा मिनिटं बसायचं आणि ऐकू येईल ते सगळं तीन रकान्यांत लिहायचं: जवळचं, मधलं, लांबचं. जवळ हातोड्याचे ठोके, पत्रा सरकवल्याची खरखर, ब्लोअरची घरघर. मध्ये स्कूटर, शेजारच्या दुकानातला रेडिओ, कुणीतरी कुणाला मारलेली हाक. लांब कुकरची शिट्टी, मोठ्या रस्त्यावरचे हॉर्न. मग बाजूला खूण करायची की कुठला आवाज सतत चालू आहे आणि कुठला येऊन जातो. मुलांना हा व्यायाम भारी कंटाळवाणा वाटतो, आणि अनेक जण रकाने घरी बसून भरतात. ते लगेच कळतं, कारण घरी भरलेल्या यादीत रेडिओ आणि कुकर नसतात, नुसते ठोके असतात.

याचं कारण कानाच्या स्वभावात आहे. लग्नाच्या हॉलमध्ये शंभर जण बोलत असले तरी समोरच्याचं बोलणं आपल्याला कळतं, कारण नको ते मागे सारण्याचं काम मेंदू गुपचूप करत असतो. माइक हे काम करत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचतं ते सगळं तो घेतो. म्हणून रेकॉर्डिंग करताना हेडफोन कानावर हवेत, आणि तेही कान पूर्ण झाकणारे. आपल्याला काय ऐकू येतंय हा तिथे प्रश्नच नसतो. माइकला काय ऐकू येतंय ते समजून घ्यायचं असतं.

आता अंतराचं गणित. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की त्याची पातळी सहा डेसिबलने उतरते. आपल्याकडचं जुनं माप इथे अगदी सोयीचं आहे, दोन वीत म्हणजे एक हात. तोंडापासून वीतभर धरलेला माइक हातभर लांब गेला की सहा डेसिबल गेले. दोन हातांवर बारा, चार हातांवर अठरा. टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखत घेणारा विद्यार्थी साधारण या चार हातांवर असतो. खोलीत प्रकरण आणखी बिघडतं. भिंतींवरून, फरशीवरून परत येणारा घुमारा खोलीभर जवळपास सारखाच असतो, तो अंतराने फारसा कमी होत नाही. माइक लांब नेला की माणसाचा आवाज खाली जातो आणि घुमारा होता तिथेच राहतो. नंतर सगळाच आवाज वर उचलला की घुमाराही सोबत उचलला जातो. विहिरीत बोलल्यासारखं रेकॉर्डिंग होतं ते असं, आणि त्याला पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरात पूर्ण इलाज नाही.

तेव्हा बोलण्यासाठी माइक तोंडापासून वीतभर, फार तर दीड वीत. अगदी नाकासमोर मात्र नको. प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत बाहेर पडतो आणि तो माइकच्या पडद्यावर आदळला की ‘भप्’ असा धक्का ऐकू येतो. माइक हनुवटीच्या जरा बाजूला, थोडा तिरका धरला की झोत शेजारून निघून जातो. एकाच दिशेने ऐकणारे माइक तोंडाजवळ आणले की आवाजातला खर्ज वाढतो. रेडिओ निवेदकांच्या भारदस्त आवाजात गळ्याइतकाच या गुणाचाही वाटा असतो, हे सांगितल्यावर काही मुलांचा हिरमोड होतो. कॉलरला लावायचा छोटा माइक चालेल. तो बहुधा सगळ्या बाजूंनी ऐकणारा असतो, त्यामुळे गोंगाटात त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर फ्लाइट मोड चालू करा. बाहेर वारा असेल तर माइकवर फोम किंवा केसाळ टोपी घाला. खोलीतला पंखा बंद करायची परवानगी विचारा. फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारची ठेवा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका चॅनलला तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते, म्हणजे कार्ड आधी रिकामं करून न्यायचं.

पातळी लावण्याबाबत तांबट आळी चांगलीच परीक्षा घेते. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य हे छत आहे, त्याच्या वर काही नाही. नेहमीच्या बोलण्यात काटा उणे बाराच्या आसपास जात राहील असं ठेवलं की ठीक. पण समोरचे काका बोलता बोलता, ‘थांब, दाखवतोच तुला,’ म्हणून हातोडा उचलतात आणि पहिल्याच ठोक्याला लाट छताला धडकते. वरचं टोक सपाट कापलं जातं आणि तांब्याचा खणखणीत ठोका प्लास्टिकच्या डब्यावर मारल्यासारखा फुसका, फाटका लागतो. कापलं गेलेलं टोक परत मिळत नाही. म्हणून बोलणं आणि ठोके वेगवेगळे घ्यायचे. बोलणं झाल्यावर, ‘काका, आता तुम्ही काम करा, मी नुसती ऐकते,’ असं सांगायचं, पातळी बरीच खाली आणायची आणि ठोके वेगळ्या अंतरांवरून घ्यायचे. एकदा भांड्यापासून दोन हातांवर, एकदा दुकानाच्या दारातून, एकदा आळीच्या टोकावरून. पहिल्यात धातू धातूला भिडल्याची धार असते, दुसऱ्यात खोलीचा नाद, तिसऱ्यात अनेक दुकानांतले ठोके एकमेकांत मिसळलेले. एकाच आवाजाची ही तीन अंतरं हातात असली की संकलनाच्या वेळी श्रोत्याला आळीतून चालवत दुकानात आणि दुकानातून थेट त्या हातापर्यंत नेता येतं. निवेदनाच्या एका शब्दाविना.

निघण्याआधी आणखी एक गोष्ट घ्यायची असते आणि तीच हमखास राहते. सगळ्यांना मिनिटभर गप्प बसवून त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे दोन वाक्यं जोडताना मधली फट भरायला हीच शांतता लागते. निव्वळ कोरी जागा ठेवली तर श्रोत्याला वाटतं रेडिओ बंद पडला.

मुलाखतीत दुसऱ्या प्रकारचं अंतर सांभाळायचं असतं. ‘काका, तुम्हाला या कामाचा अभिमान वाटतो का?’ या प्रश्नाला ‘हो, वाटतो ना’ एवढंच उत्तर मिळतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. ‘हे भांडं ठोकलंच नाही तर काय होईल?’ असं विचारा. मग सांगणं सुरू होतं: पत्रा तापवून मऊ केलेला असतो, तसाच ठेवला तर दाबानेही पोचा पडेल, ठोकून ठोकून तो टणक होतो. मठारकाम (भांड्यावर हातोडीचे ठसे उमटवणं) करताना ठोका जवळजवळ आणि सारखा पडावा लागतो, नाहीतर उजेडात धरल्यावर चूक दिसते. कशाचा अभिमान आहे ते या उत्तरात न विचारता येतं. प्रश्न नंतर कापला जाणार असतो, म्हणून उत्तरात तो विषय आलेला बरा. ‘काय ठोकता तेही सांगा हं बोलताना,’ असं आधीच सुचवून ठेवावं. मुलाखत चालू असताना तुम्ही ‘हं… हं… बरोबर’ म्हणू नका, नुसती मान हलवा. संकलक या हुंकारांना कंटाळलेले असतात. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्नही टाकू नका. तीन-चार सेकंद गप्प राहिलं की समोरचा माणूस बऱ्याचदा आपण होऊन आणखी काही बोलतो, आणि तेच वाक्य पुढे ठेवलं जातं. हे रेकॉर्डिंग कुठे वाजणार आहे ते सुरुवातीलाच सांगायचं आणि होकार रेकॉर्डवर घ्यायचा. वर्गात गुणांसाठी म्हणून घेतलेला आवाज परस्पर पॉडकास्टवर टाकणं हा सरळ विश्वासघात आहे.

घरी आल्यावर लगेच संकलन नाही. दीड-दोन तासांचं रेकॉर्डिंग संपूर्ण ऐकायचं आणि मिनिट-सेकंदासह टाचण करायचं: कुठे काय बोललं, कुठे ट्रक गेला, कुठे हसू आलं. मग त्यातली दहा-बारा विधानं कागदावर उतरवून घ्यायची, कागद कापायचे आणि टेबलावर वरखाली हलवत क्रम लावायचा. संगणकावरही हे करता येतं, पण कागद हलवताना मधलं भोक दिसतं. रूपक खरं तर इथेच बनतं. सात मिनिटांत माणसाचं बोलणं साडेतीन-चार मिनिटांहून जास्त मावत नाही. उरलेल्या वेळात निवेदन आणि नुसते आवाज.

निवेदन किती आणि कुठे, याचा निकाल तांबट आळीतली दोन दृश्यं लावून देतात. ठोके ऐकू येत असताना ‘आळीत सर्वत्र हातोड्यांचा नाद घुमत असतो’ हे वाक्य फुकट जातं, कारण श्रोता तेच ऐकतोय. याउलट कल्हई पाहा. भांडं भट्टीवर तापतं, नवसागराची पूड पडते, फस्सकन आवाज होतो, पांढरा धूर उठतो. कथलाचा तुकडा आत घासतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे तापल्या भांड्यात ते क्षणात पाणी होतं. कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवतात आणि मग भांडं पाण्यात बुडवलं की चर्र. आवाजाच्या दृष्टीने ही मेजवानी आहे. पण यातली सगळ्यात देखणी गोष्ट, काळवंडलेल्या तळावर चांदीसारखी चकाकी पसरत जाते ती, मुळीच आवाज करत नाही. तिथे निवेदकाने बोलायचं, एकच वाक्य, आणि ते ‘चर्र’च्या आधी संपवायचं. ज्याला आवाज नाही तेवढंच शब्दांनी सांगायचं, हा नियम एवढ्या एका प्रसंगातून मुलांच्या ध्यानात राहतो.

कानासाठी मराठी लिहिणं वेगळंच शिकावं लागतं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. छापील मजकुरात वाचक मागे नजर टाकू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. कर्ता सुरुवातीला, मध्ये तीन उपवाक्यं आणि शेवटी क्रियापद असं लिहिलं की तिथे पोचेपर्यंत कर्ता कोण होता ते तो विसरलेला असतो. म्हणून ‘पेशवाईच्या काळात पुण्यात येऊन स्थायिक झालेल्या आणि आजही हाताने भांडी घडवणाऱ्या तांबट समाजातील कारागिरांची ही वस्ती आहे’ याचे तुकडे करायचे. ‘ही तांबट आळी. इथली घराणी पेशवाईपासून इथेच आहेत. भांडी आजही हातानेच घडतात.’ लिहून झालं की मोठ्याने वाचायचं; जिथे श्वास पुरत नाही तिथे पूर्णविराम हवा होता. निवेदन रेकॉर्ड करायला भारी स्टुडिओ लागतोच असं नाही. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर आणि पाठीमागे टांगलेली रजई, एवढ्यावर होस्टेलच्या खोलीतही बऱ्यापैकी काम होतं.

आता कुठे सॉफ्टवेअर. ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट मिळतं आणि विद्यार्थ्याला पुरतं. रीपर थोड्या पैशांत त्याहून बरंच जास्त देतं. बटणं आठवड्याभरात हाताखाली येतात, त्यावर इथे शब्द खर्च करत नाही. काय कापायचं ते महत्त्वाचं. दोन शब्दांच्या मधून, श्वासाच्या अलीकडे कापावं. सगळे श्वास काढून टाकले की माणूस यंत्रासारखा बोलतो. अडखळणं काढावं, पण काकांनी उत्तर देण्याआधी घेतलेला विराम काढू नये, तो उत्तराचाच भाग आहे. एका वाक्याचं शेपूट दुसऱ्याला लावून त्यांनी न म्हटलेलं म्हणवून घेणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. करायचं नाही.

मिक्सिंगमध्ये अंतर पुन्हा येतं, फक्त आता ते तुम्ही घडवता. बोलणं पुढे, ठोके मागे ठेवायचे तर ठोके पंधरा-वीस डेसिबल खाली. पण दोन हातांवरून घेतलेला ठोका नुसता हळू केला तर तो लांबचा वाटत नाही, जवळचाच पण दबका वाटतो. लांबचा हवा असेल तर आळीच्या टोकावरून घेतलेलाच लागतो. त्या तीन फेऱ्या मारल्या त्या यासाठी. बोलण्यातली ८० हर्ट्झच्या खालची गुरगुर काढून टाकावी, तिथे रहदारी असते, माणूस नसतो. शेवटी एकंदर पातळी पॉडकास्टच्या प्रथेप्रमाणे उणे १६ लफ्सच्या (LUFS, ऐकू येणाऱ्या एकूण पातळीचं माप) आसपास आणून ठेवावी, म्हणजे श्रोत्याला आधीच्या कार्यक्रमानंतर आवाज वरखाली करावा लागत नाही. मग ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायचं आणि शहरातल्या बसमध्येही ऐकायचं. स्टुडिओत सुंदर लागलेली कुजबुज बसमध्ये गायब होते.

नभोनाट्यात हेच अंतर नटाच्या पायात असतं. रंगमंचावर नट प्रेक्षकांकडे पाहून डावीउजवीकडे सरकतो. माइकसमोर तो पुढेमागे होतो. चिडून दाराकडे निघालेला नवरा बोलता बोलता माइकपासून चार पावलं मागे जातो, आणि श्रोत्याला खोली दिसते. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेतले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत घराघरांत जाऊन बसले ते नेपथ्याविना. कॉलेजच्या वर्गात हे करायला एक माइक आणि जमिनीवर खडूने मारलेल्या तीन रेघा पुरतात. नारळाच्या करवंट्यांचे घोडे आणि पत्रा हलवून केलेला गडगडाट यात मुलं इतकी रमतात की मूळ संहिता बाजूला राहते. दोन तासिका तशा जाऊ द्याव्यात.

मीडिया आर्ट्स म्हणून जे शिकवतात त्यात तर गोष्टही मागे पडते, आवाज हाच माल होतो. १९४८ मध्ये पिएर शेफेर या फ्रेंच रेडिओ-अभियंत्याने पॅरिसमध्ये रेल्वेचे आवाज तबकड्यांवर घेऊन, त्यांची आवर्तनं करून, गती बदलून रचना केली. वाद्यांशिवायचं हे संगीत थेट रेडिओच्या खोलीतून निघालं. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझर असलेला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता, आणि तिथल्या टेप्स कित्येक वर्षांनी जुन्या संग्रहातून पुन्हा बाहेर आल्या. हे ऐकून विद्यार्थ्याने काय करावं? तांबट आळीतला एकच ठोका घ्यावा. तो आठपट लांबवला की त्याचा नाद घंटेच्या कुळातला वाटू लागतो. उलटा वाजवला की आवाज फुगत येतो आणि एकदम तुटतो. चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवून आळीचे वेगवेगळ्या अंतरांवरचे आवाज सोडले की अंतर ठरवण्याचं काम श्रोत्याकडे जातं; तो चालेल तसं मिक्सिंग बदलतं. वार्षिक प्रदर्शनात अशा खोलीत माणसं तासभर थांबतात असा अनुभव मात्र नाही. पाच मिनिटं थांबली तरी भरपूर.

तयार झालेलं वाजवायचं कुठे? पॉडकास्ट आहेच, पण कॅम्पस रेडिओवर काम करण्याची संधी सोडू नये, कारण तिथे वेळ पाळावी लागते. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटलं. डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना स्वतःचं केंद्र चालवण्याची मुभा मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं देशातलं पहिलं कॅम्पस केंद्र सुरू झालं. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवाने देण्याचं धोरण आलं; साताऱ्यातल्या म्हसवडचं माणदेशी तरंग वाहिनी त्यातलंच. पुणे विद्यापीठात विद्यावाणी १०७.४ वर आहे. या केंद्रांची ताकद १०० वॉटपर्यंत आणि अँटेना ३० मीटरपर्यंत, म्हणजे आवाका काही किलोमीटरचा. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेला हवा आणि स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तांबट आळीचं रूपक या अटींत नेमकं बसतं. फक्त पार्श्वभूमीला आवडतं सिनेमाचं गाणं टाकू नका. परवान्याविना ते वाजवता येत नाही, आणि पॉडकास्टवर तर भाग उतरवला जातो. ठोके आहेत ना, तेच संगीत.

केंद्राला देण्याआधी वर्गात ऐकवायचं, दिवे मालवून, आणि ऐकणाऱ्यांनी टाळ्या न वाजवता घड्याळाकडे पाहून जिथे लक्ष उडालं ते मिनिट लिहून द्यायचं. पाचांपैकी तिघांनी एकच मिनिट लिहिलं तर तिथे कात्री. बहुधा ते निवेदनच असतं. मग अंतिम प्रत सात मिनिटांचीच, साडेसात नाही. सोबत निवेदकाने वाचायची दोन वाक्यांची ओळख, वापरलेल्या प्रत्येक आवाजाची यादी आणि संमतीची नोंद. कच्चं रेकॉर्डिंग पुसू नका. फाइलला ‘न्यू रेकॉर्डिंग ४७’ असं नाव राहू देऊ नका. तारीख, जागा, कोण बोललं आणि माइक किती अंतरावर होता ते नावातच लिहा, आणि एक प्रत कॉलेजच्या हार्ड डिस्कवर टाका, जी पुढच्या वर्षी कुणीतरी फॉरमॅट करेल हे गृहीत धरून दुसरी स्वतःकडे.